मोटारसायकलवरचे यमदूत : कोक्तोचा ‘ऑर्फे’ आहे तरी काय?

ख्रिस्तोफर नोलन ‘ओडिसी’वर चित्रपट करणार, अशी बातमी २०२४ च्या डिसेंबरात आली आणि ग्रीक पुराणकथांना एकदम भाव आला. ‘ग्रीक कथांवरचे पाहायलाच हवेत असे सिनेमे’ अशा याद्या फिरू लागल्या, की त्यात एक नाव हटकून असतं: झाँ कोक्तोचा ‘ऑर्फे’, १९५०, फ्रेंच, कृष्णधवल. उत्साही माणूस तो लावतो. अर्धा तास होतो न होतो तोच एक बाई काळ्या रोल्स-रॉइसमधून एका मेलेल्या पोराला घेऊन जाते, गाडीचा रेडिओ ‘शांतता उलट दिशेने जास्त वेगात जाते’ असं काहीतरी बरळतो आणि ती बाई आरशातून आरपार निघून जाते. ना ग्रीस, ना देव, ना देऊळ. माणूस सिनेमा बंद करतो आणि ‘कलात्मक’ या खात्यात टाकून मोकळा होतो.

माझ्या मते हा सिनेमा मुळात अवघड नाही. तो जुना झालाय, एवढंच. त्यात जे जे आपल्याला स्वप्नासारखं, चमत्कारिक वाटतं, त्यातलं बरंचसं १९५० साली पॅरिसच्या थिएटरात बसलेल्या माणसाने पाच-सहा वर्षांपूर्वी स्वतः भोगलेलं होतं. तेवढी ओळख करून घेतली की उरलेली गोष्ट सरळ आहे.

## आधी मूळ कथा

ऑर्फियस हा थ्रेस प्रांतातला गायक-कवी. आई कॅलिओपी, म्हणजे साक्षात महाकाव्याची देवता. त्याचं गाणं ऐकायला श्वापदं जवळ येऊन बसायची, झाडं मुळासकट सरकत यायची. त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. हा थेट पाताळात उतरतो आणि तिथल्या राजा-राणीसमोर असा गातो की ते विरघळतात. ‘ने तिला, पण वर उजेडात पोहोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही.’ तो अगदी शेवटच्या टप्प्यावर वळून बघतो आणि ती कायमची जाते. पुढे मद्यदेव डायोनिससच्या बेभान भक्तिणी त्याचे तुकडे करतात, त्याचं मुंडकं गात गात नदीतून वाहत जातं.

आपण सावित्रीच्या कथेवर वाढलेलो. तिथे यमाशी गाठ पडते ती बायकोची. ती गात नाही, मुद्दे मांडते, आणि नवऱ्याला घेऊनच परत येते. वटपौर्णिमेची सवय असलेल्याला ग्रीक कथेतली हार सुरुवातीला खटकते. पण ती हारच दोन हजार वर्षं लोकांना पुरली आहे. तो वळला का? प्रेम अनावर झालं म्हणून, देवांवर विश्वास नव्हता म्हणून, की गाणाऱ्याला बायकोपेक्षा दुःखच हवं होतं म्हणून? रोमन कवी व्हर्जिल त्याला वेडाचा झटका म्हणतो. त्याच्याही आधी प्लेटोच्या एका संवादात ऑर्फियसला चक्क भित्रा ठरवलंय: बायकोसाठी मरायची तयारी नव्हती, जिवंतपणीच पाताळात शिरायला बघत होता, म्हणून देवांनी त्याला बायकोचा नुसता भास दाखवून परत पाठवलं.

## कोक्तोच्या हातात काय होतं

कोक्तो कवी, नाटककार, चित्रकार, आणि मधूनमधून सिनेमावाला. त्याचा ऑर्फे (फ्रेंचमध्ये ऑर्फियसचं नाव हेच) पॅरिसचा प्रसिद्ध कवी आहे. लोक सह्या मागतात, पण कवींच्या कॅफेमधली तरुण मंडळी त्याला विचारत नाहीत. पहिल्याच प्रसंगात कोणीतरी त्याच्या हातात त्या तरुणांचं गाजणारं नियतकालिक ठेवतं. नाव ‘नग्नता’, आणि आतली सगळी पानं कोरी. हा म्हणतो, हे हास्यास्पद आहे. उत्तर येतं: पानं हास्यास्पद मजकुराने भरलेली असती त्यापेक्षा कमी. लिहित्या माणसाला लागणारा हा टोमणा आहे. मग मी काय करू, असं तो विचारतो, तर ‘आम्हाला चकित करा.’ हे वाक्य कोक्तोला तरुणपणी बॅले-संयोजक दियागिलेव्हने ऐकवलं होतं. ते त्याने आयुष्यभर सांभाळलं आणि इथे आपल्या नायकाच्या तोंडावर फेकलं.

त्याच कॅफेत मारामारी होते. सेजेस्त नावाच्या तरुण कवीला काळ्या कपड्यांतले दोन मोटारसायकलवाले उडवतात. हे यमदूत. रोल्स-रॉइसमधली बाई, जिला सगळे ‘राजकुमारी’ म्हणतात, ती ऑर्फेचा मृत्यू आहे. सर्वांचा मृत्यू नव्हे, फक्त त्याचा. कोक्तोच्या जगात प्रत्येकाला स्वतंत्र मृत्यू नेमून दिलेला असतो आणि त्यांना वरून हुकूम येतात. हुकूम देणारा कोण, तर ठाऊक नाही. पहारेकरी एकमेकांना निरोप पोचवत राहतात. राजकुमारी एकदा सांगते की काहींच्या मते तो झोपलाय आणि आपण सगळे त्याचं स्वप्न आहोत, वाईट स्वप्न. शेषशायी विष्णू माहीत असलेल्याला हे वाक्य फार परकं वाटणार नाही, पण ‘वाईट’ हा शब्द कोक्तोचा.

गडबड अशी होते की मृत्यू आपल्या माणसाच्या प्रेमात पडते. हुकूम नसताना ती युरिडिसीला उचलते (साप नाही, मोटारसायकल). ऑर्फे बायकोला आणायला निघतो. राजकुमारीचा ड्रायव्हर अर्तबीझ, जो स्वतः मेलेला आहे आणि युरिडिसीवर जीव लावून बसलाय, त्याला विचारतो: तुला कोण हवंय, बायको की मृत्यू? ऑर्फे म्हणतो, दोघी. आणि ड्रायव्हर पुढे जोडतो: जमलं तर एकीला दुसरीच्या आडून फसवायचं. मूळ कथेत ‘तो का वळला’ हा प्रश्न आहे. कोक्तोने तो अलीकडे, निघण्याच्या क्षणी आणला: हा नक्की कोणासाठी चाललाय?

## रेडिओवरचे विचित्र निरोप

सगळ्यात जास्त लोक इथे अडखळतात. ऑर्फे राजकुमारीची रोल्स-रॉइस स्वतःच्या गॅरेजात ठेवून घेतो आणि दिवसच्या दिवस आत बसून रेडिओवरची वाक्यं उतरवून घेत राहतो. ‘पाण्याचा एकच पेला जग उजळून टाकतो.’ ‘पक्षी बोटांनी गातो.’ मध्येच आकडे. वर बायको गरोदर आहे, हा खाली गाडीत. (ही वाक्यं त्याला इतकी ग्रेट का वाटतात, हे मला आजही पुरतं पटलेलं नाही. पण कवी लोक कशाने झपाटतील याचा नेम नसतो.)

आता इतिहास. १९४० ते १९४४ पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. लंडनहून बीबीसीची फ्रेंच भाषेतली प्रसारणं लागत. ती ऐकणं गुन्हा होता, तरी लोक आवाज बारीक करून ऐकत. त्यात ‘खासगी निरोप’ नावाचा भाग असे. एक माणूस सपाट आवाजात एकमेकांशी संबंध नसलेली वाक्यं वाचायचा आणि पुन्हा वाचायचा. ऐकणाऱ्या लाखोंना ती निरर्थक वाटत. पण एखाद्या गावात चार माणसांना त्यातलं एक वाक्य म्हणजे ‘आज रात्री पूल उडवा’ असा हुकूम असायचा. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्याआधी भूमिगतांना इशारा दिला गेला तो फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनच्या शरदऋतूवरच्या कवितेच्या ओळींनी. पहिल्या ओळी म्हणजे तयारीत राहा, पुढच्या ओळी ५ जूनच्या रात्री आल्या: वेळ झाली.

रेडिओवरून आलेल्या कवितेच्या ओळीवर माणसं मरायला आणि मारायला बाहेर पडली होती. त्यानंतर सहा वर्षांनी कोक्तोने मेलेल्या कवीला रेडिओवर बसवलं, कारण ते निरोप सेजेस्तच पाठवत असतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला अर्थ शोधत बसावं लागलं नसणार. त्या आवाजाची पट्टी त्याच्या अंगात भिनलेली होती.

## पाताळ म्हणजे भग्न लष्करी शाळा

आरशापलीकडच्या मुलखाला सिनेमात ‘झोन’ म्हणतात: जिवंत आणि मेलेले यांच्यामधला पट्टा. पडक्या भिंती, छप्पर उडालेले दिवाणखाने, न संपणाऱ्या पायऱ्या. हा सेट नाही. पॅरिसजवळ सँ-सीर इथली सैनिकी अकादमी महायुद्धात बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली होती, तिच्या अवशेषांत हे चित्रीकरण झालं. त्या अवशेषांतून काच बसवणारा एक फेरीवाला ओरडत जातो. हा इथे काय करतोय, असं ऑर्फे विचारतो. काही जणांना आपण जिवंत आहोत असंच वाटत असतं, धंद्याची सवय सुटता सुटत नाही, असं उत्तर मिळतं. जिथे एकही खिडकी धड उरलेली नाही तिथे काचवाला! बाँब पडलेल्या कुठल्याही शहरात हा विनोद लोकांना लगेच कळला असता.

झोनमध्ये न्यायालयही आहे. सिंहासन नाही, यमाचा दरबार नाही. साध्या खोलीत टेबल, मागे कोट घातलेले तीन थकलेले गृहस्थ, समोर कागद. ऑर्फेला व्यवसाय विचारतात. तो ‘कवी’ म्हणतो. कारकून सांगतो, कार्डावर तर ‘लेखक’ लिहिलंय. ऑर्फे म्हणतो, जवळजवळ तेच. ‘इथे जवळजवळ चालत नाही.’

या खोल्याही लोकांनी पाहिलेल्या होत्या. देश मुक्त झाल्यावर फ्रान्समध्ये शत्रूशी संगनमत केलेल्यांची झाडाझडती सुरू झाली. लेखक-कलावंतांसाठी वेगळ्या समित्या होत्या. त्यांच्यासमोर कोक्तोचंही प्रकरण आलं होतं. १९४२ साली त्याने हिटलरच्या लाडक्या शिल्पकारावर, आर्नो ब्रेकरवर, स्तुतिपर लेख छापला होता. समित्यांनी त्याला सोडलं, पण लेख छापलेला होता तो होताच. त्यामुळे ‘तुमच्या लेखी कवी म्हणजे काय?’ या प्रश्नावर ऑर्फे जे उत्तर देतो, ‘लेखक न होता लिहिणारा’, ते मला जरा सोयीचंही वाटतं. लिहिल्याची जबाबदारी घ्यायची वेळ आली की ‘आम्ही फक्त ऐकलेलं उतरवतो’ असं म्हणायला कवींना फार आवडतं.

आणखी एक. मृत्यूची भूमिका करणारी मारिया काझारेस स्पेनची. तिचे वडील १९३६ साली, यादवी युद्ध पेटलं तेव्हा, तिथल्या प्रजासत्ताकाचे पंतप्रधान होते. मुलगी चौदाव्या वर्षी निर्वासित म्हणून पॅरिसला आली. तिच्या चेहऱ्यावरचा तो कोरडा, वरिष्ठांचे हुकूम ऐकून कंटाळलेला भाव फार कमी नट्यांना जमला असता.

## आरशातून माणूस जातो कसा?

‘प्रायोगिक’ म्हटलं की आपल्याला सत्तरच्या दशकातलं दादरच्या छबिलदास शाळेतलं नाटक आठवतं: पैसा कमी, नेपथ्य जवळजवळ नाही, डोकं भरपूर. सिनेमात प्रायोगिक म्हणजे गोष्ट सांगायची रूढ पद्धत मोडून कॅमेऱ्याकडून काही वेगळं काढून घेणारा. त्या अर्थाने ‘ऑर्फे’ अर्धाच प्रायोगिक आहे. त्यात स्टार आहेत, सरळ कथानक आहे. कोक्तोचा आधीचा, १९३० साली केलेला ‘कवीचं रक्त’ खरा बेबंद. पण ‘ऑर्फे’मधल्या करामती बघण्यासारख्या आहेत, कारण त्या बहुतेक कॅमेऱ्यासमोरच केल्यात.

ऑर्फे रबरी हातमोजे घालून हात पुढे करतो आणि बोटं आरशात बुडतात. तो पारा आहे, खरोखरचा, उथळ पात्रात भरलेला. पाण्यात हात घातला तर आतलं दिसतं आणि तरंग उठतात. पाऱ्यात प्रतिबिंब तेवढं दिसतं आणि हात गिळला जातो. पारा उभा राहू शकत नाही, म्हणून पात्र आडवं आणि कॅमेरा असा धरलेला की आरसा उभा भासावा. आज कुठलाही निर्माता विषबाधेच्या भीतीने याला हात लावणार नाही. तेच मोजे दुसऱ्या ठिकाणी आपण होऊन हातावर चढतात: ते काढतानाचं चित्रण करून फिल्म उलटी चालवलीय. काही आरशांत काचच नाही. चौकटीपलीकडे तशीच्या तशी उलटी खोली उभारलीय आणि अलीकडे पाठमोरा बदली नट आहे. झोनमधून चालताना ऑर्फे जोर लावून पावलं टाकतो, पण अर्तबीझ पाय न हलवता पुढे सरकतो. तिथे मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेलं दृश्य फेकून नटाला पुढे उभं केलंय.

माझी सगळ्यात आवडती युक्ती मात्र यातली एकही नाही. ऑर्फे आणि अर्तबीझ आरशात शिरतात तेव्हा पोस्टमन दाराच्या पेटीत पत्र टाकत असतो. मग सगळा प्रवास, न्यायालय, जबान्या. ते परत येतात आणि पत्र त्या क्षणी पेटीत पडतं. एक पत्र, एक पेटी, आणि तिकडे काळ चालत नाही हे कळलं. खर्च शून्य.

## ‘ही मोडतोड नाही का?’

हा आक्षेप नेहमी येतो: पुराणकथा सांगायची तर नीट सांगा, गॅरेज आणि मोटारसायकली कशाला? कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा समोरच्या आजीबाईला कथा तोंडपाठ असते. ती ऐकायला येते ते बुवा कुठे थांबतात, कुठे गावातल्या सावकाराला हळूच चिमटा काढतात, ते. कोक्तोचा प्रेक्षकही कथा पाठ असलेला होता. ‘मागे बघायचं नाही’ ही अट येणार हे त्याला ठाऊक आहे. कोक्तो तिचं करतो काय, हे बघायचं.

तो जे करतो ते खट्याळ आहे. मूळ अट उजेडात येईपर्यंतची. इथे न्यायालय सांगतं: आयुष्यभर बघायचं नाही. म्हणजे बायको घरी आली आणि शोकांतिकेचा फार्स झाला. तो खोलीत आला की ती टेबलाखाली. कुठे बसायचं, कोणी कोणत्या दिशेला तोंड करायचं, याची कसरत. अर्तबीझ मध्ये वाहतूक पोलिसाचं काम करतो. आणि शेवटी नजर पडते ती गाडीतल्या मागचं दाखवणाऱ्या आरशात. हजारो वर्षं लोक विचारत होते, तो का वळला? कोक्तोचा ऑर्फियस वळतच नाही. तो समोर बघतो आणि मागचं दिसतं.

शिवाय ‘मूळ’ कशाला म्हणायचं हेही बघा. प्लेटो, व्हर्जिल आणि दुसरा रोमन कवी ओव्हिड यांच्यातच एकवाक्यता नाही. महाभारत मुंबईच्या उद्योगपतींच्या दोन घराण्यांत आणणारा श्याम बेनेगलचा ‘कलयुग’ १९८१ साली आला, तेव्हा कर्ण बघताना आपल्याला मोडतोड झाल्यासारखं वाटलं नव्हतं. कथा आपली असली की आपण सैल असतो. दुसऱ्याची असली की उगाच सोवळं पाळतो.

## युरिडिसीचं काय?

हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कोक्तोला युरिडिसीत रस नाही. ती स्वेटर विणते, रडते, नवरा गॅरेजातून वर येण्याची वाट बघते. सगळी बुद्धी, सगळे कपडे, सगळी चांगली वाक्यं मृत्यूच्या वाट्याला. घरची बायको साधी आणि बाहेरची गूढ, ही जुनी विभागणी त्याने जशीच्या तशी ठेवली. सिनेमा त्यामुळे बिघडत नाही, पण वय झालेलं तिथे दिसतं.

ज्यांना युरिडिसी हवी त्यांनी नऊ वर्षांनंतरचा ‘ऑर्फेउ नेग्रो’ बघावा. मार्सेल कामू या फ्रेंच दिग्दर्शकाने ब्राझीलच्या विनिसियुस द मोराइसच्या नाटकावरून तो रिओमध्ये, कार्निव्हलच्या गर्दीत केला. ऑर्फियस ट्रामचा ड्रायव्हर. युरिडिसी खेड्यातून पळून आलेली, आणि मृत्यूचा मुखवटा घातलेला माणूस तिच्या मागावर. ट्रामच्या डेपोत ती विजेच्या तारेला धरून लोंबकळते, आणि ऑर्फियसच तिला शोधताना बटण दाबून प्रवाह सुरू करतो. पाताळ म्हणजे बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींची कचेरी: रात्र, रिकामे मजले, कागदांचे ढीग आणि झाडूवाला. १९५९ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, नंतर ऑस्करही. ब्राझीलमध्ये मात्र अनेकांना तो रुचला नाही; टेकडीवरच्या गरीब वस्तीत लोक सदोदित नाचतातच कसे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नाही. पण संगीतासाठी तो सिनेमा कितीही वेळा बघावा.

## एक प्रश्न दहा वर्षं लटकलेला

‘ऑर्फे’च्या शेवटी मृत्यू नियम मोडते. मारल्या गेलेल्या ऑर्फेला ती काळ उलटा फिरवून बायकोकडे परत पाठवते आणि तिला व अर्तबीझला मोटारसायकलवाले घेऊन जातात. आधी एकदा त्याने तिला विचारलेलं असतं, हुकूम मोडला तर तुला मारतील का? ती म्हणते, त्याहून वाईट करतात. वाईट म्हणजे काय, ते सिनेमा सांगत नाही, आणि नवखा प्रेक्षक इथे पुन्हा चिडतो.

उत्तर १९६० च्या ‘ऑर्फियसचं मृत्युपत्र’मध्ये आहे. सत्तरीला आलेला कोक्तो त्यात स्वतःच कवी म्हणून फिरतो. पैशांची जुळवाजुळव करायला तरुण दिग्दर्शक फ्रांस्वा त्र्युफोने आपल्या पहिल्या यशस्वी चित्रपटाच्या कमाईतून हातभार लावला होता. एका प्रसंगात कोक्तोवर खटला चालतो. टेबलामागे बसलेत तेच दोघे, काझारेस आणि अर्तबीझ झालेला फ्रांस्वा पेरिए. त्यांना झालेली शिक्षा हीच: दुसऱ्यांचा न्याय करत बसायचं.